गोरख शेंडकरने फोन बदलला

विंझरच्या फाट्यावर चहा पिताना गोरख शेंडकर फोन टेबलावर पालथा ठेवतो. पालथा ठेवल्याने काचेला ओरखडे पडतात हे त्याला माहीत आहे. पण उताणा ठेवला तर मागचं सफरचंद टेबलाकडे तोंड करून राहतं आणि कुणाला दिसत नाही. ते दिसावं म्हणून त्याने कव्हरही पारदर्शक घेतलं आहे. टपरीत त्या वेळी एखादा दूधवाला, वेल्ह्याच्या एसटीची वाट पाहणाऱ्या बाया आणि बाकाखाली झोपलेलं कुत्रं असतं. सफरचंद पाहून यांच्यापैकी कुणी जमीन विकत घेईल अशी शक्यता नाही. तरी फोन पालथाच.

गोरखचा धंदा जमिनीचा आहे. म्हणजे जमीन त्याची नाही. घरची भातखाचरं धाकटा भाऊ करतो. गोरख दुसऱ्यांचे माळ, डोंगरउतार आणि पानशेतच्या पाण्याकडे तोंड करून असलेले तुकडे पुण्याच्या लोकांना दाखवतो. 'लेक व्ह्यू' हे दोन इंग्रजी शब्द तो बिनचूक उच्चारतो. पांढरा शर्ट, पांढरे बूट आणि उन्हातही डोळ्यांऐवजी कपाळावर ठेवलेला गॉगल, असा त्याचा पोशाख आहे. तालुक्यात असे एजंट पुष्कळ आहेत. गोरख त्यांच्यात वरचा मानला जाई, आणि त्याचं कारण त्याची हुशारी नव्हती. कारण त्याचा जुना फोन होता.

हे समजायला इथल्या लोकांची एक खोड सांगावी लागेल. समोर बसलेल्या माणसाला इथे कुणी 'हो' म्हणत नाही. 'बघू', 'व्हईल', 'घरात ईच्यारतो', 'दिवाळी होऊ द्या', असं चालतं. फोनवर मात्र उलट. फोन आला तेव्हा माणूस गोठ्यात असतो, डोक्यावर भारा असतो, नाहीतर रेंज जायच्या बेतात असते. समोरचा सोडत नाही. मग त्याला घालवण्यासाठी माणूस म्हणतो, 'व्हय व्हय, देऊ की.' त्याचा अर्थ जमीन देऊ असा नसतो. त्याचा अर्थ फोन ठेव असा असतो. हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं आणि कुणी मनावर घेत नाही.

गोरखने मनावर घेतलं. त्याच्या जुन्या अँड्रॉइड फोनात प्रत्येक बोलणं आपोआप साठवलं जाई. समोरच्याला आवाज नाही, सूचना नाही. बटण दाबायचीही गरज नव्हती. भाऊबंदांच्या सामाईक जमिनीत एकेकाला फोन करून तो 'हो' गोळा करी, आणि मग सगळ्यांना भैरवनाथाच्या पारावर बसवून एकेकाचा 'हो' मोठ्या आवाजात लावी.

गेनबाचं प्रकरण असं झालं. गेनबा म्हणजे विंझरचाच एक म्हातारा, ओढ्याकाठच्या तुकड्याचा मालक. फोनवर 'देऊ' म्हणाला आणि बैठकीत 'म्या कवा म्हनलो?' असं विचारू लागला. गोरखने फोन पुढे केला. गेनबाचा खोकलाही त्यात स्पष्ट ऐकू येत होता.

"आवाज कुनाचा, गेनबातात्या?"

"माजाच हाय."

"मंग?"

पारावरचे लोक हसले. कोर्टात त्या आवाजाची किंमत काय, हे वकील सांगतील. पारावर ती पुरेपूर होती, कारण चारचौघांत शब्द फिरवणारा ठरण्यापेक्षा जमीन गेलेली बरी असं मानणारी माणसं अजून आहेत. गेनबाने सही केली. त्या दिवसापासून गोरखला 'रेकॉर्डिंगवाला शेठ' असं नाव पडलं. तो ते कौतुक समजला.

गोरख कधी खोटं बोलला नाही, असं त्याचे मित्र सांगतात. खरं आहे. त्याला गरज पडली नाही.

तर या माणसाने फोन का बदलला, हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर पानशेतच्या एका जेवणघरात मिळतं.

पुण्याच्या शेफाली नावाच्या बाई शेतघरांची आतली सजावट करतात आणि त्यांच्या ओळखीचे लोक जागा शोधत असतात. असा एक मित्रांचा गट त्यांनी गोरखकडे आणला. त्यांना सुटा तुकडा नको होता. पाण्यावरचा बोरीचा माळ त्यांनी गाडीतून पाहिला आणि आख्खा माळ पाहिजे म्हणाले. आख्खा, नाहीतर काहीच नाही. तिथे ते घरं बांधणार, वर्षभर ती कुणीतरी सांभाळायला लागणार, आणि तो कुणीतरी गोरख असेल असं बोलणं झालं. साइटवर स्वतःचं ऑफिस, दारात पाटी, हाताखाली माणसं. फाट्यावरच्या टपरीतून सुटका. गोरखने ही गोष्ट पुरी व्हायच्या आधीच चार गावांत सांगून टाकली. म्हणजे आता माळ जमला नाही तर नुसता व्यवहार जाणार नव्हता, अब्रूही जाणार होती.

पिठलं-भाकरी खाताना त्या मंडळींनी माळाचे फोटो एकमेकांना दिले-घेतले. सगळ्यांचे आयफोन होते. फोन जवळ आणले की फोटो इकडून तिकडे जात होते. गोरखने सकाळी काढलेले फोटो चांगले होते. कुणीतरी ते मागितले, मग त्याच्या फोनकडे पाहिलं आणि म्हणालं, "अच्छा, तुमचा अँड्रॉइड आहे. मग व्हॉट्सअ‍ॅप करा ना."

कुणी हसलं नाही. त्यांनी लगेच ताकाचा दुसरा ग्लास मागवला. गोरखला मात्र ते हसले असं वाटलं, आणि पुढचं सगळं त्या न झालेल्या हसण्यातून झालं.

भोरला सावळारामचं मोबाईलचं दुकान आहे. सावळारामची एक पद्धत आहे. तो गिऱ्हाइकाला आधी फोन दाखवत नाही, आधी धंदा विचारतो. टेम्पोवाल्याला तो मोठ्या बॅटरीचा फोन देतो, डेअरीवाल्याला दोन सिमचा, भोंगवलीच्या बागायतदाराला उन्हात पडदा दिसेल असा. यात परोपकार नाही. चुकीचा फोन घेतलेलं गिऱ्हाईक रोज दुकानात येऊन बसतं आणि डोकं खातं, हा त्याचा अनुभव आहे.

"शेठ, फोनवर तुमचं काम काय काय असतं?" त्याने विचारलं.

"काम ईच्यारतोस? मला वळखत न्हाईस व्हय?"

"वळखतो की. म्हनून तर ईच्यारतो. दोन नंबर वापरता. वर वाडी-वस्तीवर फिरता, तिथं चार्जर कुनाचा घेनार? समद्यांकडं दुसरीच पिन. आन रेकॉर्डिंग लागतं तुमाला."

"मंग? एवढ्या मोठ्या फोनात रेकॉर्डिंग नसतंय का?"

"असतंय. पन तुमच्या जुन्यागत न्हाई. ह्यो सांगून करतो."

याच वेळी दुकानात रिचार्जला आलेल्या कुणीतरी काचेवरच्या खोक्याकडे पाहून विचारलं, "आयफोन घेताय व्हय शेठ?" गोरख त्याच्याकडे वळला आणि बराच वेळ वळलेलाच राहिला. फोन कुणाला सांगतो आणि काय सांगतो, हे विचारायचं राहून गेलं.

सावळारामने आणखी एकदा सांगून पाहिलं. "शेठ, वाईट न्हाई ह्यो फोन. फोटू लई भारी येतात, वर्सानुवर्सं टिकतो. माज्या भाच्याचा फोटूचा धंदा हाय, त्याला म्या ह्योच दिला. पन तुमचं काम येगळं हाय."

"सावळाराम, तू फोन ईक. माजं काम म्या बघतो."

सावळारामने फोन विकला. तो काही संत नाही. जुना फोन बदल्यात घेतला आणि त्यातल्या रेकॉर्डिंगांचं काय करायचं तेही विचारलं. "येतील की तिकडं आपोआप," गोरख म्हणाला. फोटो आले, नंबर आले, बायकोच्या वाढदिवसाचा व्हिडिओ आला. आवाज आले नाहीत. ते सावळारामने पुसले आणि जुना फोन आंबवणे गावच्या एका शेळीवाल्याला विकला.

नव्या फोनचे पहिले दिवस गोरखने ज्या कामात घालवले त्याची यादी करण्यात अर्थ नाही. आरशासमोर उभं राहून त्याने आरशाचाच फोटो काढला, एवढं सांगितलं तरी पुरे. चेहरा दाखवला की फोन उघडतो, हे त्याने घरी येणाऱ्या प्रत्येकाला करून दाखवलं. त्याची बायको रत्ना शेजारणीला म्हणाली, "त्वांड दावल्याबिगर उघडत न्हाई म्हनं. बरं झालं. त्या निमित्तानं कुनाला तरी त्वांड दावत्यात."

आता बोरीचा माळ. तो पानशेतच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आहे आणि त्याच्या खांद्यावर कोकरे भावकीची वस्ती आहे. धनगरांची घरं; शेळ्या, थोडी मेंढरं, डांगी गाया, एखाद-दुसरी म्हैस. माळ सगळ्या भावकीच्या नावावर सामाईक आहे आणि सगळ्यांची जनावरं त्यावरच चरतात. सर्वांत मोठा हिस्सा धोंडाबाई कोकरे यांचा. धोंडाबाई म्हाताऱ्या आहेत, कानाने कमी आहेत आणि वस्तीवर त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. हे प्रेमापोटी आहे असं समजू नये. त्यांच्या जिभेची भीती आहे.

वस्तीवर रेंज येत नाही. ती येते वस्तीच्या खालच्या बाजूला एका काळ्या दगडावर, आणि त्याला सगळे रेंजचा दगड म्हणतात. फोन करायचा, घ्यायचा तर दगडावर उभं राहायचं. संध्याकाळी जनावरं आत घेतली की दगडापाशी माणसं जमतात आणि एकाचं बोलणं सगळे ऐकतात. धोंडाबाईंना ऐकू कमी येतं म्हणून त्यांचा फोन स्पीकरवर असतो, म्हणजे मग ऐकायला जवळ जायचीही गरज नाही.

गोरखने एकेकाला फोन लावला. धोंडाबाईंचा पुतण्या ज्ञानोबा आधी. हा काही वर्षं पुण्यात एका सोसायटीत वॉचमन होता. तो म्हणाला, "व्हय, बाकीचे म्हनले तर आपलं बी व्हय." बाकीचेही तसंच म्हणाले. शेवटी धोंडाबाई.

"मावशी, माळाचं काय ठरलं?"

"काय ठरायचं? देऊ की."

"नक्की ना?"

"व्हय रं बाबा, व्हय. देऊन टाकू एकदाचं. म्हस सुटलीया, ठेव आता."

गोरख खूश झाला. त्याने शेफालीबाईंना कळवलं की भावकी तयार आहे, रविवारी पाहुण्यांना घेऊन या, देवळात सगळ्यांसमोर बोलणं करू. रविवारच्या आधी, सवयीप्रमाणे, तो रेकॉर्डिंग क्रमाने लावायला बसला. फोनात रेकॉर्डिंग नव्हतं. एकही नव्हतं. त्याने फोटोंत शोधलं, मेसेजांत शोधलं, अगदी घड्याळाच्या खिडकीतही शोधलं. मग तो भोरला गेला.

सावळाराम चहा पीत होता. त्याने फोन हातात घेतला, स्वतःलाच फोन लावला आणि पडद्यावरचं एक बटण दाखवलं. "हे दाबायचं. आपोआप व्हत न्हाई. आन दाबलं की फोन बोलतो."

"कोन बोलतो?"

"फोन. बाईचा आवाज येतो, इंग्रजीतून. दोन्हीकडं ऐकू जातं, की बाबा, रेकॉर्डिंग चालू हाय. म्या म्हनलो व्हतो, ह्यो सांगून करतो."

"बंद करता येत न्हाई व्हय ते?"

"न्हाई. आता नवीन अँड्रॉइडात बी लई ठिकानी असंच झालंय. तुमचा जुना व्हता म्हनून गप बसायचा. अजून बी न बोलनारे मिळत्यात, पन बघून घ्यावं लागतं." मग त्याने सरळ उपाय सांगितला. साधा दुसरा फोन घ्या, हा स्पीकरवर टाका आणि त्यात आवाज धरा. गोरखला दोन फोन घेऊन हिंडणारा माणूस हलका वाटतो. शिवाय त्याने मनात एक हिशोब केला होता: ती बाई इंग्रजीत बोलते, आणि धोंडाबाईंना इंग्रजी येत नाही.

हा हिशोब त्याच्या सगळ्या धंद्याचा सारांश म्हणता येईल. समोरच्याला कळत नाही, यावर त्याचं घर चालत आलं होतं.

संध्याकाळी त्याने फोन लावला. दगडावर धोंडाबाई, भोवती बाकीचे, स्पीकर चालू. गोरखने बटण दाबलं. फोनमधून एक स्वच्छ, मंजूळ, परक्या बाईचा आवाज आला, 'धिस कॉल विल बी रेकॉर्डेड.'

"कोन गं बया तू?" धोंडाबाई म्हणाल्या.

"मावशी, म्या गोरख."

"तुला न्हाई ईच्यारत. ती कोन? कुनाला घेऊन बसलायस?"

"कुनी न्हाई मावशी, फोन बोलतो ह्यो."

"फोन बोलतो? फोनात तर तू बोलतोस! आरं, रत्ना चांगली हाय की रं पोर, आन तू तिन्हीसांजंचं—"

"मावशी, आईच्यान कुनी न्हाई!"

दगडाभोवती हसण्याचा गदारोळ झाला. ज्ञानोबाने सोसायटीत असताना असे फोन ऐकले होते. त्याने सांगितलं, "काकू, रेकॉर्डिंग करतोय त्यो. त्याच्या नव्या फोनात अशी बाई हाय. रेकॉर्डिंग लावलं की ती बोलती. न्हाई लावलं तर बोलत न्हाई."

धोंडाबाई ज्ञानोबाकडे वळल्या. कानाने कमी असल्या तरी डोक्याने नाहीत.

"म्हंजी परवा ती बोलली न्हाई."

"न्हाई."

"म्हंजी परवाचं त्याच्याकडं काय बी न्हाई."

"काय बी न्हाई."

"गोरख," धोंडाबाई फोनमध्ये ओरडल्या, "ठेव रं बाबा. म्हस सुटलीया."

बातमी वस्तीवरून विंझरला यायला एसटी लागली नाही. दुसऱ्या दिवशी फाट्यावर लोकांनी गोरखला बाईसाहेबांची खुशाली विचारली. पण थट्टा ही या गोष्टीतली लहान बाब. मोठी बाब अशी की लोकांची भीती गेली. पूर्वी गोरखचा फोन आला की माणूस शब्द तोलून बोले. कित्येक जण उचलतच नसत. आता बाई बोलली नाही म्हणजे सगळं माफ, हे कळल्यावर लोक त्याला मोकळेपणाने हो म्हणू लागले. जमीन देऊ म्हणाले, शेजाऱ्याची मिळवून देऊ म्हणाले, एकाने तर देवस्थानची जमीनही देऊ केली. एवढे 'हो' गोरखला आयुष्यात मिळाले नव्हते. त्यांतला एकही धरून ठेवता येत नव्हता.

शेवटी त्याने सावळारामचा उपाय केला. रत्नाचा साधा फोन घेतला, आपला स्पीकरवर टाकला, आणि ज्ञानोबाला लावला.

"शेठ, आवाज घुमतुया," ज्ञानोबा म्हणाला.

"रेंज न्हाई."

"रेंज लई झाक हाय. स्पीकर बंद करा, मंग बोलू."

रविवारी देवळात पाहुणे आले. शेफालीबाई आल्या, मित्रांचा गट आला, कोकऱ्यांची सगळी भावकी पारावर बसली. गोरख नव्या शर्टात होता. त्याने माळाची माहिती सांगितली, पाण्याची दिशा दाखवली आणि म्हणाला की भावकी एकमताने तयार आहे.

"कोन म्हनलं?" ज्ञानोबाने विचारलं.

"तुमीच म्हनला. फोनवर. समदे म्हनला."

"लावा मंग रेकॉर्डिंग."

गोरखचा फोन पारावर होता, पालथा. सगळ्यांनी सफरचंदाकडे पाहिलं. पाहुण्यांपैकी एकाने हळू आवाजात विचारलं की रेकॉर्डिंग म्हणजे काय, आणि शेफालीबाईंनी खांदे उडवले.

गोरखपुढे आता एकच वाट होती. रेकॉर्डिंग यायच्या आधी इथे शब्द जसा सिद्ध व्हायचा तसा तो करणं. तो गाभाऱ्यात गेला, देवापुढचा बेल-भंडारा ताटलीत घेऊन आला आणि धोंडाबाईंसमोर धरला. "मावशी, उचला. भैरवनाथाच्या साक्षीनं सांगा, म्हनला व्हता का न्हाई."

लोक रेकॉर्डिंगला भीत होते तसे याला भीत नव्हते, पण लाजत तरी होते. खोटा भंडारा उचलणाऱ्याच्या घराचं काय होतं याच्या गोष्टी प्रत्येकाने ऐकलेल्या होत्या. गोरखला वाटलं, म्हातारी उचलणार नाही.

धोंडाबाईंनी चष्मा सारखा केला, ताटलीतून चिमूटभर भंडारा घेतला, कपाळाला लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "म्या गोरखला माळ देते म्हनले न्हाई." उरलेला भंडारा त्यांनी शेजारच्या सुनेच्या कपाळाला लावला आणि उठल्या. शेळ्या सोडायच्या होत्या.

त्या धडधडीत खोटं बोलल्या होत्या. पुढे बऱ्याच दिवसांनी त्यांना याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी ते नाकारलं नाही. "म्हनले व्हते की. पन त्याला कुटं? त्यो समोर व्हता का? म्या फोनात बोलले. फोनात बोलल्यालं धरायचं म्हनलं तर मानसानं जगावं कसं?" भैरवनाथही हा फरक करतो का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "द्येवाला काय कळत न्हाई व्हय?" त्यांच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता.

पाहुणे गाडीत बसले. गोरख शेफालीबाईंच्या खिडकीपाशी गेला. आणखी दोन आठवडे द्या, म्हणाला. भावकी फिरली, पण वळवतो म्हणाला. आणि मग, का कुणास ठाऊक, म्हणाला, "मॅडम, आता माझ्याकडं बी आयफोन हाय. फोटो डायरेक्ट देतो."

"हो का?" शेफालीबाई म्हणाल्या. "आधी कुठला होता?"

त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. त्या दिवशीच्या जेवणातलं ताक त्यांना आठवत होतं. स्वतः त्या मापं घ्यायला आणि सुतारांशी बोलायला एक जुना, कोपरे घासलेला अँड्रॉइड वापरतात, कारण साइटवर फोन पडतो. गाडी गेली. ऑफिस, पाटी, हाताखालची माणसं, सगळं त्या गाडीबरोबर गेलं.

बोरीचा माळ वाचला, असा शेवट कुणाला हवा असेल तर त्याची निराशा होईल. माळ पुढच्या उन्हाळ्यात विकला गेला. त्याच पुण्याच्या गटाला, आख्खा. व्यवहार भोंगवलीकडच्या माऊली नावाच्या एजंटाने केला. माऊलीचा फोन साधा, जाड, दोन सिमचा आहे आणि घेताना त्याने एकच गोष्ट पाहून घेतली होती. त्यातली बाई मुकी आहे. कोकऱ्यांनी गोरखच्या फोनवर सवय लावून घेतली होती, की बाई बोलली नाही म्हणजे काही हरकत नाही. त्या सवयीनेच ते माऊलीशी बोलले. आवाज आला नाही. सगळे मोकळेपणाने हो म्हणाले. धोंडाबाई दोनदा म्हणाल्या. मग माऊलीने पारावर फोन उताणा ठेवून सगळ्यांना सगळं ऐकवलं, आणि त्या दिवशी कुणी भंडाऱ्याचं नावही काढलं नाही.

खरेदीखत भोरला झालं. शेळ्या निम्म्या विकल्या गेल्या, निम्म्या वरच्या रानात नेल्या. ज्ञानोबा त्याच माळावर वॉचमन आहे, अनुभव होताच.

सह्या झाल्यावर कचेरीबाहेर सगळ्यांचा एक फोटो काढायचं ठरलं. माऊलीचा फोन त्या कामाचा नाही, त्यात सगळ्यांचे चेहरे पिवळे येतात. कुणीतरी म्हणालं, गोरखशेठला बोलवा, त्याच्या फोनात फोटू लई भारी येतो. गोरख त्या दिवशी भोरलाच होता, सावळारामच्या दुकानात बसला होता. बोलावल्यावर तो येणार नाही असं माऊलीला वाटलं होतं. तो लगेच आला. त्याने सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं, धोंडाबाईंना मधे घेतलं, पुण्याच्या मंडळींना ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून थोडं डावीकडे सरकवलं, आणि फोन आडवा धरून दोन पावलं मागे गेला.

फोटो उत्तम आला आहे. धोंडाबाईंच्या चष्म्याच्या काचेत कचेरीची पाटीसुद्धा वाचता येते. पुण्याच्या गटाने तो मोठा करून, चौकटीत घालून साइटच्या ऑफिसात लावला आहे. खरेदी देणारे त्यात आहेत, घेणारे आहेत, एजंट आहे. गोरख त्यात नाही.